नुकसानभरपाई : मदत की हक्क?

एकाच्या कृत्याने अथवा हयगयीने दुसऱ्याचे नुकसान झाले असता ते कोणी व का भरून द्यावे, या विषयास कायद्यात ‘अपकृत्य’ असे नाव आहे. नाव वकिली असले तरी प्रश्न आपल्या बांधावरचा आहे. विजेच्या लोंबत्या तारा एकमेकींस घासून ठिणगी पडते व तोडणीस आलेला ऊस जळतो. शेजाऱ्याने पेटविलेले पाचट वाऱ्याने भडकून आपल्या फडात शिरते. अशा वेळी आपण नेमके काय मागतो, याचा विचार क्वचितच होतो.

भरपाईच्या हेतूविषयी मुख्यतः तीन मते आहेत. पहिले असे की, नुकसान सोसणाऱ्यास पुन्हा उभे करावे; पैसा कोणाच्या थैलीतून आला यास महत्त्व नाही. दुसरे असे की, नुकसान करणाऱ्यास व त्याच्यासारख्या इतरांस जरब बसावी. तिसरे मत ॲरिस्टॉटलच्या विचारातून निघाले आहे. करणारा व सोसणारा या दोघांतील बिघडलेला तोल सावरणे हाच न्याय. सबब ज्याने केले त्यानेच, ज्याचे गेले त्यालाच दिले पाहिजे.

हे तीन हेतू नेहमी एकत्र नांदत नाहीत. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यान्वये पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालता येई व मालक दंड भरून ते सोडवी. त्यास जरब बसे. परंतु तो दंड पीक गेलेल्याच्या पदरी पडत नसे. भरपाईसाठी त्यास निराळा दावा करावा लागे. उलटपक्षी, २००५ व २०१९ साली कृष्णाकाठी महापूर आले तेव्हा पंचनामे होऊन सरकारी मदत वाटली गेली. महसूल खात्यात कारकुनी केलेल्या प्रस्तुत लेखकास पंचनाम्याचे रकाने परिचित आहेत. त्यांत गट नंबर, पीक व बाधित क्षेत्र असते. दोष कोणाचा, हा रकाना नसतो. पुराचा जो भाग केवळ निसर्गाचा, तेथे हे योग्यच होय. परंतु तारेने जळालेला ऊसही त्याच मापाने मोजू लागलो, तर हक्काची मेहेरबानी होते.

दोष सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा पुढचा प्रश्न. १८६८ साली इंग्लंडातील न्यायाधीशांनी ठरविले की, ज्याने आपल्या जमिनीत धोक्याचे पाणी साठविले व ते फुटून शेजाऱ्याची खाण बुडाली, त्याने हयगय नसली तरी भरून द्यावे. परंतु १८७४ साली मद्रास रेल्वेचे पूल एका जमीनदाराचे तलाव फुटून वाहून गेले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने तो नियम लावला नाही. शेतीस पाणी पुरविणारे जुने तलाव राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते, म्हणून हयगय दाखविणे जरूर ठरले. पुढे दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांची जबाबदारी निरपवाद ठरविली व भरपाईची रक्कम उद्योगाच्या ऐपतीप्रमाणे असावी, म्हणजे जरब बसेल, असे सांगितले. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एक सायकलस्वार मरण पावला होता, त्या खटल्यात २००२ साली परक्याने चोरून आकडा टाकल्याची वीज मंडळाची सबबही न्यायालयाने मानली नाही.

या निकालांतून आमच्या मते एक सूत्र निघते : ज्याने धोका निर्माण केला आणि ज्याच्या हाती तो आवरण्याचे साधन आहे, त्याने प्रथम भरावे. कोणी म्हणतील, विमा असता ही यातायात कशास? विम्याने शेतकरी तगतो हे खरे, व तो अवश्य उतरावा. परंतु विम्याने तार ताणली जात नाही. पुढील वर्षी त्याच खांबाखाली पुन्हा ऊस जळतो.

मात्र हे सूत्र आपल्यासही लागू आहे. वीज कंपनीकडे दोष न दाखविता भरपाई मागावयाची, आणि आपण पेटविलेल्या पाचटाने शेजाऱ्याचा फड गेला तर ‘वारा सुटला, मी काय करू?’ म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. आग लावणाऱ्यास वाऱ्याची दिशा पाहता येते. झोपलेल्या शेजाऱ्यास नाही.

सबब सोसायटीच्या सभासदांस दोन सूचना. तारेने ऊस जळाल्यास पंचनाम्यात क्षेत्राबरोबर तारेची व खांबाची स्थिती त्याच दिवशी लिहवून घ्यावी, छायाचित्रे काढावीत व लेखी तक्रारीची पोच ठेवावी. आणि पाचट पेटविण्याऐवजी सरीत कुजवावे. पेटविलेच, तर शेजाऱ्याचे नुकसान न मागता भरून द्यावे. ज्याची मापे दोन, त्याचा दावा कोणी मानीत नाही.