बांबूच्या काट्यांचा पुरावा

परिसरशास्त्रज्ञाने लोकांत जायचे ते त्यांना चार गोष्टी शिकवायला, असे आपण धरून चालतो. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात उत्तर कन्नडमध्ये केलेल्या बांबूच्या अभ्यासाने ही समजूत खोटी ठरवली. कागद गिरणीला पुरवला जाणारा बांबू का आटला, हा प्रश्न होता. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते; ते साफ केले की बेट चांगले वाढते, असे वनखाते मानत होते. गावकरी सांगत, काटे गेले की कोवळे कोंब गुरे, वानरे आणि साळिंदरे फस्त करतात. गाडगीळांनी जंगलात प्रत्यक्ष नोंदी घेतल्या आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. लोकांचे अनुभव हाच पुरावा मानला तर शास्त्र कुठे उरले, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो रास्त आहे, कारण लोकांच्या सांगण्यात स्वार्थही असतो आणि गैरसमजही. पण खात्याच्या समजुतीतही ते असू शकतात. इथे दोन्ही दावे एकाच कसोटीला लावले गेले, आणि गावात गेल्याशिवाय त्यातला एक दावा कानावरच आला नसता.

म्हणून पश्चिम घाट अहवालाचे जे झाले ते मला अक्षम्य वाटते. गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने तो ऑगस्ट २०११मध्ये सादर केला. कुठे काय राखायचे याची चर्चा ग्रामसभांपर्यंत नेऊन मगच ठरवावे, हा त्याचा गाभा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१२मध्ये तो खुला झाला. एवढा तांत्रिक दस्तऐवज लोकांना कळणार नाही, उलट भडका उडेल, असे म्हणणाऱ्यांनी पुढे काय झाले ते पाहावे. शेती जाणार, घरे जाणार अशा अफवा घाटातल्या गावांत पोहोचल्या. अहवाल मात्र लोकांच्या भाषेत वेळेवर पोहोचला नाही. भडका अज्ञानातून उडाला, आणि ते अज्ञान सरकारने राखलेले होते.

लोकांचे म्हणणे ऐकण्याची सोय कायद्यात आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिने लोकांशी सल्लामसलत करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. सल्लागाराने कचेरीत बसून भरलेली वही या कायद्याची फसवणूक आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत आपली नोंदवही मागा, उघडून वाचा, आणि चुकीचे असेल ते दुरुस्त करायला लावा.