‘ड्रायव्हर चुकला’ हे इंजिनिअरचं उत्तर नव्हे

परवा रात्री कॉमन रूममध्ये एक व्हिडिओ बघत होतो. रेसट्रॅकवरचं लांबलचक, वेगवान वळण. एक स्पोर्ट्स कार वळणात शिरली, क्षणभर बिचकल्यासारखी झाली, शेपटी बाहेर गेली आणि दोन गिरक्या घेऊन गाडी भिंतीवर! सगळी पब्लिक एका सुरात ओरडली, “ब्रेक मारायचा ना येड्या!” कुणीतरी निकालही देऊन टाकला, “ड्रायव्हर चुकला.” विषय संपला, सगळे चहाकडे वळले.

माझा या दोन्ही वाक्यांवर आक्षेप आहे.

आधी ब्रेकचं बघू. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. वळणाची त्रिज्या २५० मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की त्वरण येतं १०, म्हणजे जवळजवळ १ जी. रस्त्यावरच्या चांगल्या टायरची पकड साधारण इथेच संपते. वेग नुसता ५ टक्क्यांनी वाढला तरी लागणारं बल १० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे टायरच्या खिशातले सगळे पैसे वळण्यातच खर्च झालेत. त्यात ब्रेक मारणं म्हणजे त्याच पैशांत आणखी एक खरेदी करणं. उधारी इथे चालत नाही.

बरं, ब्रेक नाही मारला, घाबरून नुसता ॲक्सिलरेटर सोडला तर? तरीही वजन पुढे सरकतं. १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, व्हीलबेस अडीच मीटर आणि मंदन पाव जी घेतलं, तर सुमारे ७० किलोचा भार मागच्या चाकांवरून पुढे जातो. पुढची चाकं जास्त चावतात, मागची सुटतात. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर इंजिन-ब्रेकिंगचा ताणही त्याच मागच्या टायरवर. झालं, शेपटी निघाली! आणि वेग जितका जास्त, तितकी ही गिरकी आपोआप शमवण्याची टायरची ताकद कमी. आपण अर्ध्या सेकंदात सावरलो असं समजा, तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि पकड एकदम परत आली, तर गाडी झटक्यात दुसऱ्या बाजूला फेकली जाते. बरेचसे ड्रायव्हर या दुसऱ्या झटक्यातच सापडतात.

म्हणजे शेवटी चूक ड्रायव्हरचीच ना? थांबा. पोर्शे ९११ ची गोष्ट ऐका.

१९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे! दोरीच्या टोकाला दगड बांधून फिरवल्यासारखं. वळणात मध्येच पाय उचलला की हा दगड आपला हिसका दाखवायचा. कंपनी “नीट चालवा” एवढं सांगून मोकळी होऊ शकली असती. पण इंजिनिअरांनी आधी पुढच्या बंपरमध्ये चक्क ओतीव लोखंडाची वजनं बसवली. (आपल्या मशीन डिझाइनच्या सरांनी असलं ड्रॉइंग तोंडावर फेकलं असतं!) मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस ५७ मिलिमीटरने वाढवला आणि पुढे एकाऐवजी दोन बॅटऱ्या ठेवल्या. १९७३ च्या कॅरेरा आरएसला मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर आला, कारण वेगात हवा गाडीचा मागचा भाग उचलत होती. १९७५ मध्ये २६० हॉर्सपॉवरची टर्बो आली आणि नवीच डोकेदुखी घेऊन आली. टर्बोचा जोर उशिरा, तोही नेमका वळणात, एकदम यायचा. लोकांनी तिला ‘विडोमेकर’ म्हणायला सुरुवात केली. त्यावरही काम चालूच राहिलं. इंजिन आजही मागेच आहे, पण आजची ९११ वळणातल्या घाबरटाला पुष्कळ सांभाळून घेते.

१९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांत बॉशचं ईएसपी आलं. गाडी फिरू लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. माझा रूम पार्टनर म्हणतो, “यानं ड्रायव्हर आळशी होतात.” असतीलही. ईएसपी पकड निर्माण करू शकत नाही, हेही खरं. ट्रॅकवर जाणाऱ्यानं ब्रेकिंग वळणाआधी संपवायला आणि पाय हळू उचलायला शिकलंच पाहिजे. पण घाबरल्यावर पाय उचलणं ही चूक नाही, तो माणसाचा स्वभाव आहे. तो बदलायला पिढ्या लागतील. सस्पेन्शनची भूमिती बदलायला एक ड्रॉइंग पुरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ‘ड्रायव्हर चुकला’ हे इन्शुरन्सवाल्यानं किंवा पेपरवाल्यानं म्हणावं. आपण जर्नलं कॉपी करत का होईना, चार वर्षं इथे घालवतोय. आपला पहिला प्रश्न असायला हवा, “तो चुकणार हे माहीत असताना आपण काय केलं होतं?” उद्या आपण बनवलेली गाडी, लिफ्ट किंवा प्रेस कुणीतरी घाबरलेला माणूसच चालवणार आहे. ओरलला नापास झालो तर केटी तरी मिळते. त्याला ती मिळेलच असं नाही.