पात्रतेआधीची पात्रता

परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. आशिया खंडातील ही अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते. तिच्या संस्थापक कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विवाहानंतर त्या भारताच्या झाल्या आणि वयाची चाळिशी उलटून गेल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन त्यांनी हे शास्त्र अमेरिकेत शिकून घेतले. ज्या गिरणगावात माणसाचे पोट त्याच्या दोन हातांवर चालत होते, त्याच गिरणगावात निकामी झालेल्या हातांना पुन्हा कामाला लावणारी विद्या यावी, यात एक औचित्य होते.

या विद्येला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. पण तो शब्द सरकारी पाट्यांपलीकडे फारसा गेला नाही. लोक ‘ओ.टी.’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ऑपरेशन थिएटर आठवते. प्रत्यक्षात हे काम शस्त्रक्रियेनंतर आणि औषधांनंतर सुरू होते. पक्षाघात झालेल्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता यावी, घास तोंडापर्यंत नेता यावा. यंत्रात बोटे चिरडलेल्या कामगाराला उरलेल्या बोटांनी हत्यार धरता यावे. स्वमग्न मुलाला वर्गातला गोंगाट सोसावा. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला भाजण्या-कापण्यापासून जपता यावे, यासाठी रुग्णाबरोबर महिनोन्महिने बसणारी व्यक्ती म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आज मुंबईत के.ई.एम., नायर आणि शीव या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत या विषयाची पदवी घेता येते, आणि तीही खासगी महाविद्यालयाच्या तुलनेने फारच थोड्या खर्चात.

आमच्या वसतिगृहातील कितीतरी मुलांचे पालक लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड या पट्ट्यात राहतात. त्यांपैकी काहींचे आजोबा याच रुग्णालयांत सफाईचे काम करीत होते. आमच्या शाळेने शिक्षक दिले, वकील दिले, अभियंते दिले, बँकेतील अधिकारी दिले. मात्र आजोबा ज्या इमारतीत झाडू मारीत होते, त्याच इमारतीतील या वर्गात जाऊन बसलेली नातवंडे आम्हाला एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मुलांना गुण कमी पडतात, हे याचे नेहमी दिले जाणारे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. बहुतेक मुले गुणांच्या स्पर्धेपर्यंत पोहोचतच नाहीत. ती त्याआधीच, एका अर्जावर एक विषय निवडताना, बाहेर पडलेली असतात.

हे कसे घडते ते पालकांनी नीट समजून घ्यावे. ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीसाठी, म्हणजे बी.ओ.टीएच.साठी, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात आणि ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे असतात. अकरावीत विज्ञान शाखा घेतली की हे सर्व आपोआप होते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्ष्यी विषय घेता येतो. तो दोनशे गुणांचा असतो आणि त्यात गुण चांगले मिळतात, असे शेजारचा दादा सांगतो. परंतु तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो, आणि तो सोडलेला विषय बहुधा जीवशास्त्र असतो. पंधरा-सोळा वर्षांचे मूल सायबर कॅफेत बसून एका खुणेसरशी डॉक्टरकी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी ही सारी दारे बंद करून उठते, आणि आपण काय बंद केले हे त्याला दोन वर्षांनी कळते.

त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत तो ‘ऊती’, ‘चेतापेशी’, ‘स्नायू’ असे शब्द शिकलेला असतो. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात त्याच गोष्टी टिश्यू, न्यूरॉन आणि मसल होऊन समोर येतात. मुलाला विषय येत असतो, केवळ नावे येत नसतात. पण ‘बायोला पाठांतर फार’ असे म्हणून तो मागे सरतो. दादरच्या शिकवणी वर्गांची फी भरणाऱ्या घरातील मुलाला हे दोन महिने सांभाळून घेणारा कोणीतरी असतो. आमच्या मुलाला तो नसतो.

आमची एक माजी विद्यार्थिनी मानसशास्त्र घेऊन बी.ए. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. मतिमंद व स्वमग्न मुलांच्या एका केंद्रात ती मदतनीस म्हणून लागली. तेथे आठवड्यातून दोनदा येणाऱ्या थेरपिस्टचे काम पाहून तिने ठरवले की आपल्याला हेच करायचे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करीत ती आमच्याकडे आली. हातात गुणपत्रिका होती आणि पदवीनंतर पदव्युत्तर हा तिचा साधा, रास्त हिशेब होता. परंतु आपल्याकडे एम.ओ.टीएच.ला प्रवेश फक्त बी.ओ.टीएच. झालेल्यालाच मिळतो. मानसशास्त्राची पदवी कितीही चांगली असली तरी तेथे तिचा उपयोग नाही. म्हणजे तिला पुन्हा बारावी विज्ञान, मग नीट, मग इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची पदवी, आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण. चोविसाव्या वर्षी, घरातील पहिला नियमित पगार तिचाच असताना, तिने कागदावर ही वर्षे मांडली आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढे तिने विशेष शिक्षणातील बी.एड. केले; त्यासाठी कोणतीही पदवी चालते. आज ती उत्तम शिकवते. तिच्याविषयी हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. पण जे काम तिला करायचे होते ते हे नव्हते, आणि तो निर्णय तिच्या सोळाव्या वर्षी, तिला तो विषय ठाऊकही नसताना, होऊन गेला होता.

याच विद्यार्थिनीचा जन्म अमेरिकेत झाला असता तर तिची गोष्ट निराळी झाली असती. तेथे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही विषयाचा पदवीधर अर्ज करू शकतो. मात्र अर्ज करण्यापूर्वी काही विषय स्वतंत्रपणे पूर्ण करावे लागतात. शरीररचना आणि शरीरक्रिया, तेही प्रयोगशाळेसह, संख्याशास्त्र, बालपणापासून वार्धक्यापर्यंतच्या विकासाचे मानसशास्त्र, मनोविकारांचे मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र, अशी ही यादी साधारणपणे असते. विद्यापीठागणिक ती थोडी बदलते. हे विषय गावातल्या कम्युनिटी कॉलेजात, नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांत पुरे करता येतात. त्यांत ठराविक श्रेणी मिळवावी लागते, आणि कित्येक विद्यापीठे पाच-सात किंवा दहा वर्षांपूर्वी शिकलेला विषय शिळा म्हणून नाकारतात. शिवाय पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष थेरपिस्टसोबत काही तास उभे राहून काम पाहिल्याचा दाखला मागतात. ही शेवटची अट आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. आपल्याकडे एम.बी.बी.एस. नाही, बी.डी.एस. नाही, बी.ए.एम.एस.ही हुकले, म्हणून पसंतीक्रमात खाली कोठेतरी हे नाव लिहिले जाते, आणि विभागाचा उंबरठाही न ओलांडलेले मूल त्या शिक्षणात येऊन पडते. एक दिवस तरी आधी पाहून येण्याची अट असती, तर अर्ध्या मुलांनी वेगळा निर्णय घेतला असता आणि उरलेली अर्धी अधिक आनंदाने शिकली असती.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. येथून बी.ओ.टीएच. होऊन जाणाऱ्याचा मार्ग वेगळा असतो. त्याने शरीररचना वगैरे विषय आधीच शिकलेले असतात. त्याला आपल्या शिक्षणाचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि तेथे व्यवसाय करायचा तर परवान्यापूर्वीची परीक्षा द्यावी लागते. बी.ए. किंवा बी.एस्सी. होऊन जाणाऱ्याला मात्र वरील पूर्वअभ्यासक्रमांची पूर्तता केल्याशिवाय अर्जच करता येत नाही. एजंटाच्या कचेरीत हा भेद क्वचितच सांगितला जातो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या भरवशावर बेत आखणाऱ्यांनी हेही पाहावे की ती जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असणाऱ्या विद्यापीठांसाठीच मिळते. या विषयाचे कित्येक चांगले अभ्यासक्रम त्या क्रमवारीत वर नसलेल्या लहान विद्यापीठांतून चालतात.

अट म्हटली की ती आपल्याला रोखण्यासाठीच घातलेली, अशी भावना आपल्या समाजात आढळते. तिला इतिहासाचा आधार आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत हवे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. गिरण्यांतील विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता; १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. तेथे कौशल्य ही अट नव्हतीच, जन्म ही अट होती. परंतु हाताच्या नसा कोणत्या बाजूने जातात हे ठाऊक नसलेल्याने हाताला स्प्लिंट बांधू नये, ही अट त्या जातीची नव्हे. बाबासाहेबांनी स्वतः लंडनला १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली; मधली शिष्यवृत्ती संपल्याने अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले होते, तरी १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी तो पुरा केला. विद्यापीठाने त्यांच्यासाठी परतण्याचा मार्ग मोकळा ठेवला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमचा आक्षेप अटीला नाही. अट केव्हा सांगितली जाते आणि ती उशिरा पुरी करण्याची सोय आहे की नाही, एवढ्यापुरताच तो आहे.

थोडी सोय झालीही आहे. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांनी तो विषय नंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केला, तरी नीटसाठी ते पात्र राहतील, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून असे विषय देता येतात. ऑक्युपेशनल थेरपीच्या प्रवेशासाठी त्या-त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका पाहून घ्यावी. परंतु कला शाखेच्या पदवीधराला पदव्युत्तर शिक्षणापूर्वी पूर्वअभ्यासक्रम पुरे करून आत येता येईल, अशी वाट आपल्याकडे अद्याप नाही. ती असावी, असे आमचे ठाम मत आहे. शिक्षणातील पहिल्या पिढीला आपली आवड उशिरा कळते, कारण तिच्या घरात व्यवसायांची नावेच उशिरा पोहोचतात.

एका पूर्वअटीचा अभ्यासक्रमाशी संबंध नाही, तरी ती सर्वांत आधी आडवी येते. ती म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवरील प्रवेश त्यावर अवलंबून असतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे, आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या नोंदी ही सर्व जुळवाजुळव निकाल लागल्यावर सुरू करणाऱ्या पालकांची जून-जुलैमधील धावपळ आम्ही दरवर्षी पाहतो. नीटमध्ये चांगले गुण असूनही पावतीवर दिवस काढणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरची चिंता फार वाईट असते. अकरावीतच हे प्रकरण दाखल करावे.

माजी विद्यार्थी संघाकडे आमचे एक मागणे आहे. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. तो व्हावा. त्याच खर्चातून थोडी रक्कम काढून एक तक्ता छापावा. एका बाजूला व्यवसायाचे नाव, दुसऱ्या बाजूला त्यासाठी अकरावीत लागणारे विषय, तिसऱ्या बाजूला परीक्षा, चौथ्या बाजूला मुंबईतील महापालिका व सरकारी महाविद्यालये. रुग्णालयांत नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेऊन दर दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा मुलांना एक दिवस सोबत न्यावे. आणि अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी वसतिगृहात संध्याकाळी जीवशास्त्राचा एक तास ठेवावा, ज्यात ‘ऊती’ म्हणजेच ‘टिश्यू’ हे कोणीतरी धीराने सांगेल. तो तास घेण्यास आमच्या दोन निवृत्त सहकाऱ्यांनी होकार दिला आहे.

तक्ता मराठीत असावा, अक्षर मोठे असावे, आणि तो दहावीच्या वर्गाऐवजी नववीच्या वर्गात लावावा. दहावीच्या मुलाला त्या वर्षी भिंतीकडे पाहायला वेळ नसतो.