वर्गणीदाराची बाजू

ज्याचा सगळा धंदा मोबाइलवर चालतो त्याने महिन्याच्या महिन्याला आठ-दहा पानांचे वार्तापत्र छापावे, ते टपालात टाकावे आणि वर त्याचे पैसे घ्यावेत, ही सूचना आपल्याकडे हसण्यावारी जाते. अमेरिकेत हा प्रकार चांगला मुरलेला आहे. किप्लिंगर यांचे व्यवसायविषयक पत्र १९२३ पासून निघते आहे. ईमेलवरून माल कसा विकावा हे शिकवणाऱ्या बेन सेटल यांनी तर, विषय ईमेलचा असूनही, आपले मासिक पत्र कागदावर छापले आणि त्याला महिना ९७ डॉलर वर्गणी लावली. या प्रकाराची टर उडवणारे आणि कौतुक करणारे, दोघेही एकाच जागी चुकतात, कारण दोघांनाही मुद्दा कागदाचा वाटतो. एकाला कागद जुनाट वाटतो, दुसऱ्याला त्याचा स्पर्श आणि शाईचा वास भावतो. कागदाच्या प्रेमावर पुस्तकांचे गाव वसू शकते. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ते २०१७ मध्ये वसले आणि पर्यटक तिथे आनंदाने जातात. पण तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला वासासाठी वर्गणी भरायला सांगून पाहा! तो ती भरेल, पण वेगळ्या कारणासाठी. आणि ते कारण शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. विकायचा होता लोखंडी नांगर, आणि लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. अशा गिऱ्हाइकाला किंमत सांगून भागत नाही. त्याच्याशी पुन्हा पुन्हा, सविस्तर आणि त्याच्या शंकांना धरून बोलावे लागते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याची आणि मालाची खबर देण्यासाठी. पण ती मालाच्या यादीपुरती राहिली नाही. १९२९ मध्ये तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले, आणि सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या ‘किर्लोस्कर’मध्ये छापून येऊ लागले. कोणी म्हणेल, त्या काळी दुसरे साधनच नव्हते. पण हँडबिले होती, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती होत्या, जत्रा आणि बाजार होते. त्यातली एकही सोय त्याच वाचकाच्या दारात ठरलेल्या तारखेला परत जात नव्हती. शिवाय वाचकाकडे वर्गणी मागायची म्हटली की त्याला मालापलीकडचे काही द्यावेच लागते. फुकट वाटलेल्या कॅटलॉगवर हे बंधन कधीच नसते, म्हणून तो कॅटलॉगच राहतो.

आजच्या ऑनलाइन धंदेवाल्याची अडचण किर्लोस्करांच्या अडचणीहून फार वेगळी नाही. त्याचेही गिऱ्हाईक विखुरलेले आहे; फक्त त्याची यादी दुसऱ्याच्या हातात आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली आणि गावोगावच्या मंडळींनी जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. बंदी योग्य की अयोग्य हा मुद्दा निराळा. ते फॉलोअर त्यांचे कधी नव्हतेच, एवढेच इथे पाहायचे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप काही तास एकदमच बंद पडले, तेव्हा तिन्ही ठिकाणी पाय रोवून बसलेल्याला कळले की आपण एकाच घरमालकाच्या तीन खोल्यांत राहतो. यावर उत्तर तयार असते: मग फोन नंबरांची स्वतःची वही ठेवा, कागद कशाला? वही जरूर ठेवावी. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसे बसतात, आणि निरोप पोचतो तो ज्याने तुमचा नंबर जपून ठेवला आहे त्यालाच. आणि सगळे निरोप पोचले तरी ती यादी फुकट ऐकणाऱ्यांची असते. १८९८ च्या टपाल कायद्याने नियतकालिकाला सवलतीचा दर देताना दोन अटी घातल्या होत्या: दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नको, आणि वर्गणीदारांची यादी खरीखुरी हवी. इंग्रजी अमलातल्या त्या कारकुनी कायद्याला जे कळले होते ते आजच्या मार्केटिंगच्या शिकवणीत क्वचितच ऐकू येते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगाचा आहे. बेदाण्याचा सौदा आज निघतो आणि त्याचा भाव संध्याकाळच्या आत फोनवर असतो. टपालाने चार दिवसांनी येणारा भाव कोणाला हवा? कोणालाच नको, आणि तो छापूही नये. भाव, पाऊस, गाडी कुठे पोचली, हे सगळे फोनचेच काम. पण द्राक्षाचा हंगाम एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन टप्प्यांवर चालतो, आणि बागेतले प्रत्येक काम छाटणीपासून कितव्या दिवशी करायचे यावर ठरते. वेलीवर डावणी रोग का आला, गेल्या हंगामात कोणते औषध वाया गेले, खतांचा खर्च कुठे कमी करता येईल, ही माहिती चार दिवसांत शिळी होत नाही. उलट ती पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा काढून वाचावी लागते, आणि व्हिडिओत अकराव्या मिनिटाला सांगितलेले काही वर्षाने कोणाला सापडत नाही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ ‘द्राक्षवृत्त’ काढतो, त्यामागची गरज हीच. छापलेल्या शब्दाचा आणखी एक गुण लिहिणाऱ्याला जाचक आणि वाचणाऱ्याला उपयोगी आहे. चुकलेला अंदाज सांगणारा व्हिडिओ गुपचूप काढून टाकता येतो. घरोघर पोचलेला अंक मागे घेता येत नाही. ऑनलाइन सल्ल्याच्या गर्दीत विश्वास मिळवायचा तर एवढी जोखीम पत्करलेली बरी.

फोटो काढून कोणीही अंक ग्रुपवर टाकील, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. मात्र ज्याचा निम्मा मजकूर वर्गणीदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहे, त्याचा फोटो मिळवणाऱ्याला स्वतःचा प्रश्न विचारण्याचा हक्क मिळत नाही. दुसरी तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. महाग, छापील आणि ‘निवडक सभासदांसाठी’ असे लेबल लावून रद्दी विकणारे गुरू या धंद्यात भरपूर आहेत. एकदा वर्गणी सोडली तर परत प्रवेश नाही, ही सेटल यांची अटही मला पसंत नाही. वाचक भीतीने टिकवला की मजकूर चांगला आहे की वाईट, हे कळण्याची वाटच बंद होते. शिवाय हा उपाय सर्वांसाठी नाही. साताऱ्याचे कंदी पेढे ऑनलाइन विकणाऱ्याला वार्तापत्राची काही गरज नाही. पेढा स्वतःच बोलतो. गरज आहे ती ज्याच्या मालाला समजुतीची जोड लागते त्याला: बागेचा सल्ला देणारा, उसाची रोपवाटिका चालवणारा, हळदीचे बेणे विकणारा.

मग शेतकरी पैसे देईल का? तो आजही देतो. पानांच्या देठ परीक्षणाला देतो, बागेत फेरी मारणाऱ्या सल्लागाराला देतो, आणि न पटलेला सल्लागार पुढच्या हंगामात बदलतोही. अवघड बाजू देणाऱ्याची नसून घेणाऱ्याची आहे. वर्षाची वर्गणी आगाऊ हातात पडली की ती कमाई वाटते, पण हिशेबात ते देणे असते, आणि दर अंकाबरोबर त्याचा बारावा हिस्साच फिटतो. अवकाळीने बाग झोडपली, कागद महागला, लिहायला काही सुचले नाही, तरी अंक जायलाच हवा. मध्येच बंद केला तर उरलेल्या अंकांचे पैसे परत करायला हवेत. हे देणे डोक्यावर घ्यायची तयारी नसलेल्यांनी, म्हणजे बहुतेकांनी, या वाटेला न गेलेलेच बरे.