बाजारात न आलेल्या श्रमाचे दफ्तर

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराची फेररचना जाहीर केली आणि त्याच घोषणेत सहा व्हिडिओ गेम रद्द केल्याचे सांगून टाकले. शेअरबाजाराने दखल तत्काळ घेतली. कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला, अर्थविषयक पत्रांनी त्याचे आलेख छापले. रद्द झालेल्या सहांपैकी एका खेळात पुण्यामुंबईच्या कामगारांचे श्रम गुंतलेले होते, ही गोष्ट आलेखात दाखविता येण्यासारखी नव्हती.

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ साली माँट्रियलमध्ये तयार झालेला खेळ नव्या रूपात आणण्याचे काम कंपनीने आपल्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे सोपविले होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. जानेवारी २०२१ ही विक्रीची तारीखही ठरली. पहिल्याच जाहिरातपटावर जगभरच्या शौकिनांनी सडकून टीका केली. तारीख आधी मार्चवर गेली, नंतर बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये सूत्रे पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलच्या शाखेला देण्यात आली. तेथेही वर्षांमागून वर्षे गेली आणि अखेर, हवा तो दर्जा गाठता आला नाही व त्यासाठी लागणारा आणखी वेळ-पैसा देणे परवडणारे नाही, असे कारण देऊन खेळ मोडीत काढण्यात आला. चित्रकार, आज्ञावलीकार, ध्वनिरचनाकार आणि दिवसचे दिवस चुका शोधत बसणारे तपासनीस यांच्या त्या वर्षांचे आज काय उरले आहे? कंपनीच्या ताब्यातील साठ्यात काही असेलही. ते पाहण्याचा हक्क मात्र ज्यांनी ते निर्माण केले त्यांनाही नाही.

चळवळीतील वाचकाला येथे सहज वाटेल की, ज्या राज्यात ऊसतोड कामगाराच्या मुलाला शाळेची पाटी धड मिळत नाही तेथे सुखवस्तू घरांतील पोरांच्या खेळण्यांचा, तेही न निघालेल्या खेळण्यांचा, इतिहास जपण्याची चिंता कोणी वाहावी? आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो मालाकडे पाहतो, उत्पादनसंबंधांकडे पाहत नाही. गिरणीत कापूस होता की ज्यूट, यावरून कामगार चळवळीने कधी आपले कर्तव्य ठरविले नाही. व्हिडिओ गेमचा उद्योग आज जगातील बड्या भांडवली उद्योगांत मोडतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही एकच कंपनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० जणांना कामावरून कमी केले. त्याच वेळी ब्लिझार्डमध्ये सहा वर्षे शिजत असलेला एक खेळही बंद करण्यात आला. मक्तेदारी, कपात आणि श्रमाची नासाडी या तिन्ही गोष्टी येथे एकाच पत्रकात वाचावयास मिळतात. समाजवादी कार्यकर्त्याला हा प्रांत परका वाटण्याचे कारण नाही.

माल विकला गेला नाही तर त्यात गुंतलेल्या श्रमाला समाजाची मान्यता मिळत नाही, हे मार्क्सने फार पूर्वी दाखवून दिले आहे. परंतु न विकलेले कापड निदान गोदामात पडून राहते. विणकर त्याकडे बोट दाखवू शकतो; मालकही ते पडत्या भावाने विकतो. संगणकीय मालाची गोष्ट उलटी आहे. तो साठवून ठेवण्यास खर्च नगण्य आणि त्याची प्रत काढण्यास त्याहून नगण्य. तरीही तो कुलपात जातो, कारण त्याचे मूल्य इतरांना तो न मिळण्यात आहे. उरते ती जमाखर्चाची एक ओळ. जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीने तीन अघोषित खेळ रद्द केले, त्याच्या सहा महिने आधी चार रद्द केले होते, आणि त्या सुमारास संशोधन-विकासावरील सुमारे ५० कोटी युरोंचा खर्च तिने पुस्तकातून निर्लेखित केला. त्या अघोषित खेळांची नावेही तेव्हा लोकांना सांगण्यात आली नाहीत. ज्या श्रमाला बाजाराने पाहिले नाही त्याची एकमेव सार्वजनिक नोंद 'तोटा' या सदराखाली व्हावी, यात काही विपरीत आहे असे हिशेबनिसाला वाटत नसले तरी इतिहासकाराला वाटले पाहिजे.

आता त्याच राजपुत्राची मूळ कथा पाहावी. पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली अमेरिकेत जॉर्डन मेकनर या तरुणाने ॲपल-२ संगणकासाठी जवळजवळ एकहाती लिहिला. धावण्या-उडी मारण्याच्या हालचाली हुबेहूब उतराव्यात म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाचे चित्रीकरण केले आणि त्यावरून चौकट-चौकट चित्रे काढली. खेळाचे संगीत वडिलांनी रचले. खेळाचा मूळ सोर्स कोड हरवला असे मेकनर वर्षानुवर्षे समजत होता. २०१२ साली वडिलांना घरातील अडगळीत एक खोके सापडले आणि त्यात जुन्या फ्लॉप्या निघाल्या. चुंबकीय चकत्यांचे आयुष्य अल्प असते. वीस-बावीस वर्षांनी त्या वाचता येतील की नाही याची शाश्वती नव्हती. जुन्या संगणकांच्या जाणकारांनी मदत केली, मजकूर सुखरूप उतरला आणि मेकनरने तो जगाला खुला करून टाकला.

या कथेत भाग्याचा वाटा आहे, पण भाग्याहून मोठा वाटा कायद्याचा आहे. मेकनर पगारी नोकर नव्हता. प्रकाशक कंपनीशी त्याचा करार लेखकासारखा होता आणि खेळाची मालकी त्याने स्वतःकडे राखली होती. म्हणून त्याच्या फ्लॉप्या त्याच्या घरी राहू शकल्या आणि म्हणून तो त्या खुल्या करू शकला. पुण्यातील आज्ञावलीकाराच्या वडिलांच्या कपाटात असे खोके कधीच सापडणार नाही. सापडले तर ती चोरी ठरेल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. संगणकाची आज्ञावली ही या कायद्याच्या दृष्टीने वाङ्मयकृतीच आहे. त्यावर गोपनीयतेच्या कराराची मोहोर. नवी नोकरी मागताना स्वतःच्या हातचे काम दाखविण्याचीही चोरी, अशी या कुशल कामगाराची अवस्था असते. जो खेळ बाजारात येतो त्याच्या शेवटी निदान श्रेयनामावली धावते. रद्द झालेल्या खेळाला शेवटच नसतो, मग नामावली कोठली!

खाजगी भांडवलाने आपले पैसे बुडविले तर तो त्याचा प्रश्न, असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याचे उदाहरण आहे. कर्ट शिलिंग या बेसबॉलपटूने 'थर्टीएट स्टुडिओज' ही कंपनी काढली. हजारो खेळाडू एकाच वेळी वावरू शकतील असे एक कल्पित जग उभारण्याचा तिचा संकल्प होता. 'कोपर्निकस' हे त्या प्रकल्पाचे नाव. आर. ए. साल्वाटोर या कादंबरीकाराने त्या जगाचा दहा हजार वर्षांचा इतिहास रचला. कंपनी मूळची शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली. २०१० साली ऱ्होड आयलंडचे तत्कालीन गव्हर्नर डोनाल्ड कार्सिएरी यांच्या कारकिर्दीत राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने तिला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचे पाठबळ देऊ केले. अट एकच : कंपनीने प्रॉव्हिडन्स शहरात यावे आणि रोजगार निर्माण करावा. कंपनी आली. मे २०१२ मध्ये राज्याला देय असलेला सुमारे ११ लाख डॉलरचा हप्ता चुकला. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्व कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठविण्यात आले आणि जूनमध्ये दिवाळे निघाले. शेवटचे पगार मिळाले नाहीत, आरोग्यविमा संपला. कंपनीच्या सांगण्यावरून घर हलविलेल्या काहींना, जुने घर कंपनीमार्फत विकले गेले असे ते समजत होते त्याच्या गहाणाचे हप्ते अजून आपल्याच माथी असल्याचा शोध लागला. थकलेल्या पगाराचा अल्पसा अंश त्यांच्या पदरात पडण्यास २०२१ साल उजाडले.

आणि कोपर्निकस? २०१३ च्या डिसेंबरात दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेचा लिलाव झाला तेव्हा त्यास पुरेशी बोली आली नाही. २०१८ साली व्हिएन्नाच्या टीएचक्यू नॉर्डिक या कंपनीने ते हक्क विकत घेतले. राज्याने खटले भरून बँका, सल्लागार व वकील यांच्याकडून तडजोडीत सुमारे ६ कोटी डॉलर वसूल केले हे खरे. राज्य पोलिसांच्या तपासात फौजदारी गुन्हा मात्र कोणावरही सिद्ध करण्याजोगा आढळला नाही. राहिलेला भार करदात्याने सोसला. करदात्याच्या पैशाने उभे राहिलेले ते जग पाहण्याची सोय मात्र त्या राज्याच्या एकाही ग्रंथालयात करण्यात आली नाही. थोडीफार चित्रे, एखादी चित्रफीत, माजी कर्मचाऱ्यांच्या आठवणी, एवढ्यावर अभ्यासकाने समाधान मानावे! सरकारने पैसे दिले, तारण म्हणून हक्क लिहून घेतले, आणि वसुलीच्या वेळी त्या हक्कांकडे केवळ विकाऊ वस्तू म्हणून पाहिले. आपण एक सांस्कृतिक दस्तऐवजही विकतो आहोत, याची जाणीव लिलावात राहण्याचे कारणच नव्हते.

नफ्याच्या हिशेबाने जे पुरले जाते ते नफ्याच्या हिशेबानेच उकरलेही जाते. निन्टेन्डोचा 'स्टार फॉक्स २' हा खेळ १९९५ च्या सुमारास तयार होऊन पडला होता. सोनी व सेगा यांची नवी, अधिक सामर्थ्यवान यंत्रे बाजारात आली, त्यांच्याशी तुलना होईल या धास्तीने तो विक्रीस काढलाच नाही. मधल्या काळात त्याच्या अपुऱ्या, कच्च्या प्रती शौकिनांनी हस्ते-परहस्ते टिकविल्या, दुरुस्त केल्या. कायद्याच्या भाषेत हे अतिक्रमण. २०१७ साली जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती विकण्यास आकर्षण हवे होते, तेव्हा कंपनीने तोच खेळ तिच्यात घालून मोठ्या डौलाने सादर केला. ज्यांनी बावीस वर्षे त्याची आठवण जिवंत ठेवली त्यांना चोर म्हणावे की क्युरेटर, हे वाचकानेच ठरवावे.

प्रसिद्ध झालेल्या खेळांची स्थितीही फारशी बरी नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी शंभरात सत्त्याऐंशी आज कायदेशीर मार्गाने विकत मिळत नाहीत असे आढळले. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची मुभा द्यावी, ही मागणी उद्योगाच्या संघटनेने विरोध केल्यानंतर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. संशोधनाच्या नावाखाली लोक खेळत बसतील, ही विरोधकांची एक भीती होती. कादंबरी वाचताना वाचकाला आनंद होईल म्हणून ग्रंथालये बंद करावीत, असे अद्याप कोणी सुचविलेले नाही.

फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे सक्तीचे केले. म्हणजे युबिसॉफ्टच्या मायदेशात, निघालेला खेळ सार्वजनिक दफ्तरात जमा करावा लागतो. पण कायदा 'प्रसिद्ध' कृतीपुरता आहे. रद्द खेळ त्याच्या कक्षेबाहेर राहतो. आपल्याकडे तर १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा पुस्तके व नियतकालिकांपाशीच थांबला. चित्रपटांच्या बाबतीत आपण याची किंमत मोजली आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, आणि तोवर १९३१ च्या 'आलम आरा'सह मूकपट-बोलपटांचा केवढा तरी ठेवा नाहीसा झाला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग इत्यादी उद्योगांसाठी तीन हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या दीर्घ मुदतीच्या धोरणाला मंजुरी दिली. जमीन, सवलती, अनुदाने यांची चर्चा यापुढे होतच राहील. ऱ्होड आयलंडमध्ये जी अट घालावयाचे राहून गेले ती येथे वेळीच घालता येईल : सार्वजनिक पैशाचा आधार घेतलेला प्रकल्प पुरा होवो वा रद्द होवो, त्याचा सोर्स कोड, चित्रे, आराखडे आणि काम करणाऱ्यांची संपूर्ण नामावली शासकीय अभिलेखागारात जमा झाली पाहिजे. कंपनीचे व्यापारी हितसंबंध सांभाळण्यासाठी ती काही वर्षे मोहोरबंद ठेवण्यास हरकत नाही. पन्नास-साठ वर्षे थांबा म्हणणे मात्र फसवणूक होईल, कारण तोवर ती सामग्री वाचणारी यंत्रेही उरणार नाहीत आणि जाणती माणसेही. अशा धोरणाने गुंतवणूक पळून जाईल, अशी ओरड होईल. ज्या कंपन्या फ्रान्समधील सक्ती मुकाट्याने पाळतात त्या महाराष्ट्रातील अटीने पळून जातील, हे पटण्यासारखे नाही.

दुसरी बाजू कामगारांची. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास गिरणीमालकांच्या वह्यांतून लिहिला गेला असता तर तो केवळ चात्या, गासड्या आणि लाभांश यांचा झाला असता. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांना बोलते केले, त्या मुलाखतींचे पुस्तक २००४ साली निघाले, म्हणून चाळ, संप आणि तमाशाचा फड त्यात आला. गेम-कामगारांच्या बाबतीत असे काम करू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण गोपनीयतेच्या कराराची उभी राहते. अमेरिकेत झेनिमॅक्सच्या तपासनिसांनी संघटना बांधली आणि २०२५ साली मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारात वेतनवाढीबरोबर श्रेयनामावलीतील नावाचे कलमही मिळविले. रद्द झालेल्या खेळाची नामावली जाहीर करणे, प्रकल्प बंद झाल्यानंतर ठरावीक मुदतीने गोपनीयतेची बेडी गळून पडणे, आणि स्वतःच्या हातचा नमुना जवळ बाळगण्याचा हक्क, ही कलमे पुण्यातील माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात वेतनाच्या आणि कामाच्या तासांच्या शेजारी घालावयास हवीत. 'सँड्स ऑफ टाइम'वर काम केलेली माणसे आज याच शहरांत आहेत, तरुण आहेत, आणि त्यांच्या आठवणी ताज्या आहेत.