दोष एकट्या रुग्णाचा नाही

‘लोक मनाने गोळ्या घेतात, म्हणून अँटिबायोटिक्स निकामी झाली’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. चिठ्ठीविना विक्रीला आळा घालणारे परिशिष्ट एच-१ 2014 मध्ये लागू झाले. त्याची अंमलबजावणी ढिली आहे, हे मान्य. पण आयसीयूतल्या बेशुद्ध रुग्णाने कोणती गोळी मनाने घेतली?

मी बावीस वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका होते. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीन-चार रुग्ण. एकाच्या श्वासनलिकेतला कफ ओढून काढत असताना शेजारच्या खाटेचा पंप वाजू लागतो. ती धावते आणि त्याच हातमोज्याने बटण दाबते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. सकाळी त्या बटणाला डॉक्टरांचा हात लागतो. मी स्वतः असे धावले आहे, आणि ते आजही मनाला टोचते.

असा जंतू खाटेवरून खाटेवर गेला की मग मेरोपेनेमसारखे अँटिबायोटिकही चालत नाही. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून बाजूला ठेवलेले कोलिस्टिन हे अँटिबायोटिक पुन्हा काढावे लागते. त्यालाही दाद न देणारा क्लेब्सिएला जिवाणू आता आढळतो.

हात धुतल्याने बाळंतिणींचे मृत्यू घटतात, हे डॉ. सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात 1847 मध्ये दाखवले. पत्रलेखकांनी रुग्णालयांना एवढेच विचारावे: प्रत्येक खाटेजवळ हँडरब आहे का? संसर्गाची वाट ठरणारी लघवीची नळी आज खरोखर हवी आहे का, हे रोज कोण तपासते? आणि रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात?

– एक निवृत्त परिचारिका, सांगली