कॉम्प्युटर घ्यावा शांत



मागच्या दिवाळीत आम्ही एका सभासदांच्या बेसमेंटमध्ये त्यांच्या आईंच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. घरी येऊन ऐकतो, तर प्रत्येक ओळीमागे कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर! ती काढायला गेलो तर आजींचा आवाजही पातळ झाला. ‘उन्हाळ्यात पुन्हा करू’ म्हणत राहिलो. आजी फेब्रुवारीत गेल्या.

प्रयोगशाळेत नाजूक तराजूशेजारी आम्ही कधी पंखा लावत नाही. माइकशेजारी मात्र लावून बसलो!

आता मंडळासाठी डेस्कटॉप घ्यायचा आहे. पहिली अट, शांतपणा. मोठा, सावकाश फिरणारा पंखा हवा आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. महागडे ग्राफिक्स कार्ड नको. ध्वनिमुद्रणाला ते लागत नाही आणि त्याचाही पंखा असतो.

जागेची चिंता नको. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक २४ बिटचा, म्हणजे एका माइकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट. पेटी-तबल्यासकट आठ माइक तासभर चालले तरी चार गिगाबाइटच्या थोडे वर. १ टेराबाइट डिस्क आणि १६ गिगाबाइट मेमरी आपल्याला पुरे. वाचलेल्या पैशांत चांगला माइक, ऑडिओ इंटरफेस आणि दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क घ्यावी. ती प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवू.

तोवर जुना कॉम्प्युटर दाराबाहेर ठेवून लांब केबलने काम भागवू. घरी आई, आजी, आजोबा आले असतील तर लगेच कळवा. उन्हाळ्याची वाट पाहायची नाही.